‘ऑप्शनल आहे ना, मग बिघडलं कुठे?’

नेटवर्कच्या ओपन सोर्स साधनात नवी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, घ्यायची म्हटली की हा युक्तिवाद ठरलेला: “ऑप्शनल आहे, नको त्याने घेऊ नये. एकच तर लायब्ररी, दोन-चार इफडेफ. नसली तरी काही अडत नाही.” (इफडेफ म्हणजे लायब्ररी असेल तरच कोडचा तो भाग घ्यायची अट.)

“नको त्याने घेऊ नये.” निवड वापरणाऱ्याच्या हातात नसतेच, ती सोर्सवरून प्रोग्रामचं पॅकेज बांधणारा करतो. बऱ्याचदा तोही नाही. मशीनवर लायब्ररी सापडली की बिल्डची तयारी करणारं कॉन्फिगर ती गुपचूप जोडून टाकतं. कर्ल या डाउनलोडच्या साधनात ब्रॉटली या कम्प्रेशनच्या लायब्ररीचं असंच होतं: तोच सोर्स, तीच कमांड, आणि दोन मशीनवर दोन वेगळ्या बायनरी, म्हणजे तयार प्रोग्राम. म्हणून पॅकेज बांधताना प्रत्येक पर्यायापुढे ‘विथ’ किंवा ‘विदाउट’ स्पष्ट लिहावं आणि बिल्ड झाल्यावर ‘कर्ल --व्हर्जन’मधली फीचर्सची ओळ वाचावी.

“नसली तरी अडत नाही.” कोणती नसली तर? ब्रॉटली नसेल तर कर्ल सर्व्हरकडे ती मागतच नाही, जीझिप या दुसऱ्या कम्प्रेशनवर भागतं. सर्व्हरने तरीही ब्रॉटलीच पाठवलं, तर ‘--कम्प्रेस्ड’ दिलेलं कर्ल ६१ क्रमांकाची एरर देऊन थांबतं. निदान कळतं तरी! लिबपीएसएल या लायब्ररीचं तसं नाही. कुकी कोणत्या डोमेनसाठी घ्यायची नाही, हे ठरवणारी पब्लिक सफिक्स यादी (‘को.इन’सारख्या सामायिक शेपटांची) ती वापरते. ती नसताना नुसत्या ‘इन’ची कुकी कर्ल नाकारतं, कारण मध्ये टिंब नाही, ‘को.इन’ची मात्र घेतं. मग एका को.इन साइटने ठेवलेली कुकी दुसऱ्या को.इन साइटला जाते. एरर नाही, वॉर्निंग नाही. म्हणूनच २०२४ च्या जानेवारीत आलेल्या ८.६.० पासून लिबपीएसएल सापडली नाही तर कॉन्फिगर अडून बसतं. नकोच असेल तर ‘--विदाउट-लिबपीएसएल’ हाताने लिहावं लागतं. ऑप्शनल असावं तर असं.

“एकच तर लायब्ररी.” दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन देणाऱ्या ओपनएसएसएचच्या मूळ कोडला लिबसिस्टमडी लागत नव्हती. सेवा तयार झाल्याचा निरोप सिस्टमडीला (लिनक्समध्ये सेवा सुरू करणारा प्रोग्राम) देण्यापुरती ती डेबियन आणि फेडोरा या लिनक्स वितरणांनी पॅच मारून जोडली. तिच्या मागोमाग एक्सझेड या कम्प्रेशन प्रकल्पातली लिबएलझेडएमए आली, आणि मार्च २०२४ मध्ये उघड झालेली एक्सझेड ५.६.० आणि ५.६.१ मधली बॅकडोअर (मुद्दाम ठेवलेली चोरवाट) याच वाटेने एसएसएचडी या ओपनएसएसएचच्या सर्व्हरपर्यंत पोचत होती. ‘रीडएल्फ -डी’ फक्त थेट जोडलेल्या लायब्ररी दाखवतं. मागची सगळी वरात पाहायला ‘एलडीडी’ चालवावं. आणि निरोप केवढा? युनिक्स सॉकेटवर ‘रेडी=१’ लिहायचं, बस. ओपनएसएसएच ९.८ ने ते लायब्ररीविना स्वतःच्या कोडमध्ये केलं.

“दोन-चार इफडेफ.” असे दहा पर्याय झाले की १०२४ वेगवेगळे बिल्ड होतात. सगळे कुणी तपासत नाही. पण सगळे चालू, सगळे बंद आणि एका वेळी एकच बंद, एवढे तरी सीआयमध्ये, म्हणजे आपोआप होणाऱ्या चाचण्यांत, हवेत. मोडतो तो बहुधा बंदवाला: इफडेफच्या बाहेर राहिलेलं व्हेरिएबल ‘अनयूज्ड’ ठरतं आणि ‘-डब्ल्यूएरर’ (वॉर्निंगलाही एरर मानणारा पर्याय) लावलेलं असेल तर कंपायलर तिथेच थांबतो.