पिंपल्स, उष्णता आणि मेडिकलमधली ट्यूब

चेहऱ्यावर दोन पिंपल्स दिसले की घरात निदान तयार असतं: पोट साफ नाही, उष्णता वाढली, रक्त बिघडलं. मग सब्जा, कडुलिंबाचा रस, रक्तशुद्धीची बाटली. मुरुमाचं मूळ मात्र केसाच्या छिद्रात असतं. वयात येताना अँड्रोजेन ही हार्मोन्स वाढतात, ग्रंथी जास्त तेल सोडतात, मृत पेशी चिकटून छिद्राला बूच बसतं, आत जिवाणू वाढतात, सूज येते. म्हणून पाच वेळा तोंड धुऊन काही होत नाही. सौम्य फेसवॉशने दोनदा पुरे. ब्लॅकहेडचा काळेपणाही मळाचा नाही. त्यात मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्य आणि हवा लागून काळं पडलेलं तेल असतं. स्क्रबने ते जात नाही, सूज तेवढी वाढते. लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा यांनी त्वचा भाजते आणि सावळ्या त्वचेवर डाग महिनोन्‌महिने राहतो.

भज्यांवर उगाच आळ आहे. साखर-मैदा, दूध आणि जिमवाल्यांची व्हे प्रोटीन पावडर यांनी काही जणांचे पिंपल्स वाढतात, सगळ्यांचे नाही. कपाळावरच जास्त असतील तर रात्रभर डोक्याला थापलेलं तेल आधी बंद करा.

खरा घात करते ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ‘गोरेपणाची’ ट्यूब. मागे बारीक अक्षरांत बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलंय का बघा. ही स्टिरॉइड्स आहेत. आठवड्यात लाली उतरते, चेहरा उजळतो, मैत्रिणीलाही नाव सांगितलं जातं. पुढे त्वचा पातळ होते, उन्हात चेहरा लालबुंद होतो, आणि ट्यूब थांबवली की मुरुम उसळून येतात. मग तीच ट्यूब पुन्हा! महिनोन्‌महिने लावली असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून सोडा.

डॉक्टरांनी मुरुमांवर लावायचं ॲडापेलीन ०.१ टक्के दिलं असेल, तर ते फक्त फोडावर टेकवू नका. नवं बूच बसू न देणं हे त्याचं काम. रात्री चेहरा धुवा, पूर्ण कोरडा होऊ द्या, वाटाण्याएवढं घेऊन सगळीकडे पातळ पसरा. डोळे, नाकपुड्या आणि ओठांचे कोपरे सोडा. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. सुरुवातीला साल निघते, कधी पिंपल्स वाढल्यासारखे वाटतात, आणि बहुतेक जण नेमकं तेव्हाच सोडतात. फरक ८ ते १२ आठवड्यांनी कळतो. गरोदरपणात हे लावायचं नाही. जिवाणू मारणारं बेंझॉइल पेरॉक्साइड दिलं असेल, तर २.५ टक्केवालं पुरतं. १० टक्क्यांनी आग जास्त, फायदा तेवढाच. टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा घ्या, त्याने कापडाचा रंग उडतो.

दुखऱ्या गाठी, खड्डे, किंवा अनियमित पाळीसोबत हनुवटीवर केस असतील, तर क्रीम बदलत बसू नका. थेट डॉक्टरांकडे जा.