‘मुक्त म्हणता, मग अटी कसल्या?’ : कसबा बावड्याच्या वाचकाला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही नाव दिलेलं नाही, ‘कसबा बावड्याचा एक वाचक’ एवढंच लिहिलंय, म्हणून आपलं काका म्हणतो. तुमचा मुद्दा असा : आमच्या संकेतस्थळावरचा गुऱ्हाळाबद्दलचा लेख तुमच्या मंडळाने दिवाळी अंकात छापला, अंक फुकट वाटला, तरी पाडव्याला माझा तक्रारीचा ईमेल आला. ‘मुक्त म्हणून मिरवायचं आणि कुणी छापलं की डोळे वटारायचे?’ असं तुम्ही विचारलंय.

छापलात याची तक्रार नाहीच. जाहिराती घेतल्यात त्याचीही नाही. आमचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे आपलं लिखाण काही अटींवर इतरांना वापरू द्यायच्या तयार परवान्यांपैकी, ‘बाय-एसए’च्या ४.० आवृत्तीखाली असतो, विकिपीडियाचा असतो तोच. पैसे कमवायला मनाई असते ती ‘एनसी’वाल्या परवान्यात. तुम्ही अंक शंभर रुपयांना विकला असता तरी मी ब्र काढला नसता. विचारायचीसुद्धा गरज नव्हती. पण आपल्याकडची तालीम सगळ्यांना उघडी असते म्हणून हौद्यात कुणी चपला घालून उतरत नाही.

खटकलं ते लेखिकेच्या नावाच्या जागी छापलेलं ‘संकलित’. काका, ती तीन पहाटे चुलवाणापुढे बसली होती. काहील उतरवायची वेळ झाली की नाही हे बघायला गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी त्याची गोळी वळून बघतो, हे वाक्य तुम्ही जसंच्या तसं छापलंय. ते कुणी कुठून ‘संकलित’ केलेलं नाही, तिने धुरात डोळे चोळत बघितलेलं आहे. परवान्यातलं ‘बाय’ म्हणजे नेमकं हेच : लेखकाचं नाव, मूळ लेखाचा पत्ता, परवान्याचा उल्लेख. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की हक्क विकून टाकले तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणायचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

दुसरं, गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रोस नावाचं रसायन घालतात तो परिच्छेद तुम्ही गाळलात. गाळायची मुभा आहे, पण ‘संक्षिप्त’ असं कुठेतरी लिहायला हवं होतं. का गाळलात ते विचारत नाही. मागच्या पानावर गुळाच्या अडत्याची जाहिरात दिसली.

आणि गंमत म्हणजे त्याच अंकात ‘सर्व हक्क संपादकाधीन’! ‘एसए’चा अर्थच असा की बदललेला लेख पुढे त्याच परवान्याखाली द्यायचा. अख्ख्या अंकाचे हक्क सोडा असं मी म्हणत नाही, निदान त्या लेखापुरती तरी ती ओळ लागू नको.

आता तुमचं बरोबर कुठे आहे ते. लेखासोबतचा फोटोही तुम्ही छापलात, त्याबाबत चूक आमची. तो फोटो छायाचित्रकाराच्या मालकीचा, त्याने फक्त आम्हाला दिलेला. आम्ही मात्र तळाशी ‘येथील सर्व काही मुक्त’ असं ठोकून दिलं होतं. ते वाचून कुणीही फोटो उचलला असता. आता प्रत्येक लेखाखाली लेखकाचं नाव, परवाना आणि ‘छायाचित्रे वगळून’ असं लिहितोय.

‘तुम्ही तरी कुठे धुतल्या तांदळाचे?’ असंही विचारलंयत. नाही. आम्ही एकदा एका परदेशी मासिकातला लेख मराठी करून टाकला होता, नावासकट, दुव्यासकट. पण त्यांचा परवाना ‘एनडी’ होता, म्हणजे जसाच्या तसा छापा, बदल करून छापू नका. आणि भाषांतर हा बदलच धरतात. त्यांचं पत्र आल्यावर काढून टाकला. दोन रात्रींची मेहनत गेली, पण चूक आमची होती.

तुमची चूक दुरुस्त होण्यासारखी आहे. नियम मोडला की परवाना संपतो, पण ४.० मध्ये सोय अशी की चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर तो आपोआप परत मिळतो. माझा ईमेल पाडव्याचा, आज अकरावा दिवस. मंडळाच्या फेसबुक पानावरच्या पीडीएफमधलं ते एक पान बदला. त्यात नाव, दुवा, परवाना आणि ‘संक्षिप्त’ एवढं घाला आणि फोटो काढा. उरलेल्या छापील प्रतींत नावाची चिठ्ठी चिकटवा. प्रती पुष्कळ असतील तर सांगा, रविवारी डिंक घेऊन येतो.

लेखिकेला आईला दाखवायला एक प्रत हवी आहे. चिठ्ठी लावलेली द्या.