विंटरफेलची लढाई आणि ‘खुर्चीतले सेनापती’

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेचा विषय निघाला की आठव्या पर्वातल्या विंटरफेलच्या लढाईची (एप्रिल 2019) वकिली करणारं कुणीतरी भेटतंच. या लढाईत विंटरफेलच्या किल्ल्यावर मुडद्यांचं सैन्य चालून येतं, आणि बचाव करणारे सुरुवातीलाच आपलं डोथ्राकी घोडदळ समोरच्या काळोखात सोडतात. डावपेच बरोबरच होते, नावं ठेवणारे खुर्चीतले सेनापती, असं या वकिलांचं म्हणणं. पुराव्यादाखल चार मुद्दे ठरलेले.

पहिला: ड्रॅगन चालतात, मग घोडदळच का खटकतं? अहो, ड्रॅगन हा त्या जगाचा नियम आहे. मुडदे आगीने, ड्रॅगनग्लास नावाच्या काचेने नाहीतर खास व्हॅलिरियन पोलादानेच मरतात, हाही त्याच जगाचा नियम. डोथ्राकींच्या हातात मात्र दिसतात ते साधे अराख, म्हणजे त्यांच्या वाकड्या तलवारी. मेलिसांद्रे ही जादूगारीण ऐनवेळी, कुणी न बोलावता उगवली म्हणून ते अराख पेटले. म्हणजे मूळ बेत काय होता?

दुसरा: तटाच्या आत घोडे काय कामाचे? मान्य. पण म्हणून त्यांना समोरच्या काळोखात झोकून द्यायचं? इ.स.पू. 216 मध्ये कॅनीच्या लढाईत कार्थेजच्या हॅनिबलने रोमन पायदळाला आधी आपल्या पायदळात गुंतवलं, मग घोडदळ त्यांच्या पाठीवर घातलं. इथे अनसलीड हे पायदळ अडवायला उभंच होतं. शिवाय याच डोथ्राकींनी सातव्या पर्वात धावत्या घोड्यावर उभं राहून बाण मारले होते. ते धनुष्य कुठे गेलं? दूरवर ज्वाळा एकेक करून विझतात, ते दृश्य अंगावर काटा आणतं, हे खरं. ते श्रेय दिग्दर्शकाचं.

खंदकाबद्दल मात्र ही मंडळी गप्प असतात. अलेसियाच्या वेढ्यात (इ.स.पू. 52) रोमन सेनापती सीझरने खंदक पुढे आणि सैनिक मागे ठेवले होते. इथे पायदळ खंदकाच्या पुढे, आणि दगडफेकी यंत्रं त्या पायदळाच्याही पुढे! दोन-चार मारे झाले, यंत्रं गेली.

तिसरा मुद्दा त्यातल्या त्यात दमदार: मुडद्यांचा राजा नाइट किंग याला, तो ज्याच्या मागावर होता त्या ब्रॅन स्टार्कपर्यंत खेचायचं होतं, सैन्य हे केवळ आमिष. ठीक. पण मग आमिष टिकायला हवं. तो बाहेर येईपर्यंत ड्रॅगन राखून ठेवायचे ठरलं होतं. डोथ्राकी संपलेले पाहून त्यांची राणी डॅनेरिस हिला राहवलं नाही आणि ती ड्रॅगन घेऊन निघाली. बेत मोडला तो घोडदळाच्या त्या हल्ल्यानेच.

चौथा: बायकापोरांसाठी तळघर सर्वांत सुरक्षित. त्या तळघरात विंटरफेलच्या स्टार्क घराण्याची थडगी आहेत. आणि नाइट किंग मेलेल्यांना हात वर करून उठवतो, हे बचाव करणाऱ्यांपैकीच एक असलेल्या जॉनने आधीच्या हार्डहोमच्या लढाईत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.