केशरी कार्ड, पिवळा अंगठा

सांगलीच्या मार्केट यार्डात दाभण आणि सुतळी घेऊन हळदीच्या पोत्यांची तोंडे शिवण्यात माझी सव्वीस वर्षे गेली, आणि या काळात माझ्या उजव्या अंगठ्यावरच्या रेषा केव्हा झिजून गेल्या, याची मला दादही लागली नाही. ती लावून दिली आमच्या भागातील रास्त भाव दुकानातल्या, अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखणाऱ्या ई-पॉस यंत्राने. शिधापत्रिकेवर नाव असलेल्या प्रत्येकाने ई-केवायसी, म्हणजे आधारवरून स्वतःच्या ओळखीची पडताळणी, करावी, नाहीतर त्याचे युनिट, म्हणजे त्याच्या वाट्याचे धान्य, बंद होईल, असा निरोप आल्यामुळे मी एका दिवसाची मजुरी बुडवून घरच्या पाचही जणांना दुकानापुढे उभे केले. माणशी पाच किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. तेव्हा बुडाला एक दिवस तर बुडू दे, असा माझा हिशेब होता.

आमचे कार्ड केशरी आहे. शहरात ज्यांचे वर्षाचे उत्पन्न ५९,००० रुपयांच्या आत आहे, अशा कुटुंबांसाठी अन्नसुरक्षेचा प्राधान्य गट आहे, आणि त्या मर्यादेत आम्ही वऱ्हाडाच्या जीपमध्ये शेवटचा पाहुणा बसतो तसे कसेबसे बसलो आहोत. महिन्याला हे ४,९१६ रुपये आणि वर थोडी चिल्लर होते. हा आकडा ठरवणाऱ्याने घरभाडे कधी दिले होते, हे विचारण्याची माझी पायरी नाही. परंतु ५९,००१ वा रुपया हातात पडताच माणूस खाऊनपिऊन सुखी होतो, या कल्पनेने दिवाळीची बक्षिसी घेताना माझा हात अजून थरथरतो.

मुलाचा अंगठा यंत्राने तत्काळ स्वीकारला, कारण त्या अंगठ्याने मोबाईल सोडून जगातील कशालाही घासलेले नाही. मुलीचाही चालला. भांडी घासणाऱ्या बायकोला चार वेळा प्रयत्न करावा लागला. ऐंशीच्या घरातल्या आईने मात्र अंगठा टेकवला आणि यंत्र लगेच बोलले. "जलमभर अंगठाच दिलाय मी, त्याला सवय हाय," असे ती रांगेकडे वळून म्हणाली.

माझ्या वेळी यंत्र गप्प राहिले. दुकानदार म्हणाले, "मामा, पुसून लावा की." पुसला. मग रांगेतून सल्ले सुरू झाले: कोणी कपाळावर घासायला सांगितले, कोणी केसांतून फिरवायला सांगितले (माझ्या बाबतीत ही सूचना जरा निर्दयच होती), कोणी खोबरेल तेल सुचवले आणि एका मावशींनी तर स्वतःचा पदर पुढे केला. दहाही बोटे झाली. कार्ड केशरी आणि अंगठा पिवळा, ही विसंगतीच यंत्राला खटकत असावी, असे मला वाटू लागले, तेवढ्यात सर्व्हर डाऊन झाला आणि माझी अब्रू त्या दिवसापुरती वाचली.

पुढे दोन मजुऱ्या आणखी बुडाल्या. आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने घेऊ म्हणाले. पण ठसे घ्यायला रेषा असाव्या लागतात, आणि त्या हळदीबरोबर पोत्यांतून केव्हाच परगावी गेल्या होत्या. शेवटी दुकानदारांनी तोड काढली, की मोबाईलच्या ॲपमध्ये चेहरा दाखवूनही ई-केवायसी होते. त्यासाठी उजेड हवा म्हणून मला भर रस्त्यात उन्हाकडे तोंड करून उभे केले आणि मुलाने मोबाईल रोखला. "बाबा, डोळे मिचकवा." मी मिचकवले. "हळू. पुन्हा एकदा." समोरून पिशव्या घेऊन येणाऱ्या चार बायकांना मुलाच्या हातातला मोबाईल दिसत नव्हता, त्यामुळे त्यांना हा पन्नाशीचा गृहस्थ कोणाकडे पाहून डोळे मारतो आहे, असाच प्रश्न पडला असणार. त्यांतील एक माझ्या बायकोची भिशीतली मैत्रीण होती. ई-केवायसी झाली; घरी त्या डोळे मारण्याचा खुलासा करण्यास मात्र त्याहून अधिक वेळ लागला.

आईला कागदावर अंगठा द्यावा लागे, म्हणून तिने मला शाळेत घातले होते. मी शेवटी गिरकी घेणारी झोकदार सही शिकलो. ती सही रेशनच्या दुकानात आजवर कोणीही मागितलेली नाही.

आता दर महिन्याला माल आल्याचे कळले, की आई आपण होऊन चप्पल घालते. पंचवीस किलो धान्याची मालकी जणू तिच्याच अंगठ्याकडे आली आहे, अशा थाटात ती रिक्षात पुढे बसते, दुकानात अंगठा पदराला पुसते, माझ्याकडे एकदा पाहते आणि म्हणते, "तू मागं हो. पिशव्या धर."