पांढरी पूड, गच्चीवरचे ऊन आणि सेलेनियम: एका संदेशाचा प्रतिवाद

बडोद्यातील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्यातला दावा असा: बोअरच्या पाण्यात सेलेनियम नावाचे विष असते आणि ते आरओला जुमानत नाही, मात्र रंगाच्या दुकानातून आणलेली टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड चिमूटभर घालून बाटली दोन तास गच्चीवर उन्हात ठेवली आणि पाणी फडक्याने गाळले, की सेलेनियम ‘नष्ट’ होते, खात्री टीडीएस मीटरने करावी. दाव्याच्या मुळाशी खरे रसायनशास्त्र आहे, म्हणूनच तो सुशिक्षितांनाही पटतो. पण ती अभिक्रिया ज्या अटींवर घडते, त्या सगळ्या या संदेशातून गळून पडल्या आहेत.

विषाचे आधी पाहू. सेलेनियम शरीराला सूक्ष्म प्रमाणात लागतेच. अमेरिकी शिफारशीप्रमाणे प्रौढाची रोजची गरज ५५ मायक्रोग्रॅम आणि कमाल मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम इतके कडक आहे, म्हणजे त्या मर्यादेतले दोन लिटर पाणी प्यायल्यास पोटात जेमतेम २० मायक्रोग्रॅम जातात. पंजाबात नवांशहर-होशियारपूर पट्ट्यातील काही गावांच्या जमिनीत सेलेनियम खरोखरच जास्त आहे. पण तिथली भीती बडोद्याच्या पाण्याला तपासणीवाचून चिकटवणे योग्य नव्हे.

आरओचे म्हणणेही चुकीचे आहे. पाण्यातले सेलेनियम मुख्यतः सेलेनेट किंवा सेलेनाइट या ऋणभारित आयनांच्या रूपात असते, आणि आरओमधली सुस्थितीतली मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, दोन्हींचा बहुतांश भाग अडवते. (वर्षानुवर्षे न बदललेल्या मेम्ब्रेनची गोष्ट वेगळी.)

आता प्रकाशाचा मुद्दा. टायटॅनियम डायऑक्साइडवर साधारण ३९० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील, प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि त्याच्या जागी धनभारित पोकळी राहते. हा इलेक्ट्रॉन सेलेनेटला मिळाला तर त्याचे क्षपण (इलेक्ट्रॉन स्वीकारून रूप बदलणे) होऊन टप्प्याटप्प्याने मूलद्रव्यरूपी सेलेनियम तयार होते. परंतु पोकळी भरून काढणारे पाण्यात कोणी नसेल, तर इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा तिथेच परत जातो आणि हाती काहीच लागत नाही. म्हणून संशोधक पाण्यात फॉर्मिक आम्लासारखा पदार्थ मिसळतात, पाणी आम्लधर्मी ठेवतात, म्हणजे पुडीच्या कणांचा पृष्ठभाग धनभारित होऊन ऋण आयनांना ओढून घेतो, आणि नायट्रोजन सोडून विरघळलेला ऑक्सिजन हुसकावतात, कारण तो इलेक्ट्रॉन मधल्या मध्ये पळवतो. गच्चीवरच्या बाटलीत यांपैकी एकही सोय नाही. शिवाय बोअरच्या पाण्याचा सामू (पीएच) ७ ते ८ च्या आसपास असल्याने कण उलट ऋणभारित असतात, आणि त्यातले सल्फेट कणांवरची जागा अडवते.

रंगाच्या दुकानातली पूड तर याहून वाईट निवड आहे. उन्हात हीच अभिक्रिया रंगातल्या चिकट घटकाला खाऊन टाकते आणि भिंत खडूसारखी पिठाळते. ते टाळण्यासाठी रंगासाठीच्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांवर सहसा सिलिका आणि ॲल्युमिनाचा थर मुद्दाम चढवलेला असतो. उत्प्रेरकाचे, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया घडवून आणण्याचे, काम होऊ नये अशीच ज्याची घडण, त्याच्याकडून उत्प्रेरणाची अपेक्षा करणे म्हणजे वाळूचे कण रगडण्यासारखे आहे.

‘नष्ट’ हा शब्द तर सरळसरळ खोटा आहे. सेलेनियम हे मूलद्रव्य आहे. प्रकाशाने त्याचे रूप बदलते, ते नाहीसे होत नाही. प्रयोग यशस्वी झाला की पांढऱ्या पुडीवर नारिंगी छटा चढते, आणि तेच ते सेलेनियम. अशी पूड पाण्यातून पूर्णपणे वेगळी काढावी लागते, आणि उत्प्रेरणासाठी वापरले जाणारे कण बहुधा इतके बारीक असतात, की फडक्यातून गाळलेले पाणीही दुधाळच राहते. प्रकाश पुढेही चालू ठेवला, तर विद्राव्य सेलेनियम संपल्यावर पुडीवरच्या सेलेनियमचेच आणखी क्षपण होऊन हायड्रोजन सेलेनाइड हा अत्यंत विषारी वायू निघू शकतो. तो पकडण्याची व्यवस्था प्रयोगशाळेत करावी लागते, घराच्या गच्चीवर ती नसते.

टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. लिटरमागे काही शे मिलिग्रॅम क्षार असलेल्या पाण्यातून ०.०१ मिलिग्रॅम सेलेनियम गेले काय किंवा राहिले काय, त्याच्या आकड्यात फरक पडणार नाही. ज्यांना खरोखर शंका आहे त्यांनी धातू तपासणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला ‘एकूण सेलेनियम’ मोजायला सांगावे, आणि या युक्तीचीच परीक्षा घ्यायची असेल, तर पूड घालण्यापूर्वीचे पाणी आणि उन्हानंतरचे फडक्याने गाळलेले पाणी असे दोन नमुने एकत्र द्यावेत.