जुन्या गाड्यांचे कार्यक्रम आणि लपवलेला वेळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

जुन्या मोटारी नव्याने उभ्या करून दाखवणाऱ्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांविषयीच्या माझ्या लेखावर आपण इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तराला उशीर झाला, कारण आपले मुद्दे वाचल्यावर मी त्या कार्यक्रमांचे काही भाग पुन्हा पाहिले आणि एका बाबतीत माझे मत बदलले. ज्यांनी आपली प्रतिक्रिया वाचलेली नाही, त्यांच्यासाठी तिचा सारांश आधी देतो. हे कार्यक्रम करमणुकीसाठी आहेत, त्यांतला मुदतीचा ताण, वादावादी आणि शेवटी गाडीवरचे कापड ओढण्याचा क्षण काढून टाकला तर गंजलेल्या पत्र्याकडे तासभर कोणी बघत बसणार नाही, असे आपले म्हणणे आहे. मी सगळ्याच कार्यक्रमांना एका मापाने मोजले, हा आपला दुसरा आक्षेप. आणि या कार्यक्रमांनी आपल्याकडच्या गॅरेजमधल्या कारागिरांचे नुकसान केले, हे माझे विधान आपल्याला निव्वळ अतिशयोक्ती वाटले.

दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. 'कार एसओएस' या २०१३ पासून चाललेल्या ब्रिटिश कार्यक्रमाला मी इतरांच्या रांगेत बसवले, ते चुकले. आजारपणामुळे किंवा घरातल्या एखाद्या आघातामुळे ज्याच्या हातून गाडीचे काम अर्धवट सुटले आणि गाडी शेडमध्ये धूळ खात पडली, अशा माणसाचे आप्त त्याच्या नकळत ती टिम शॉ आणि फझ टाऊनशेंड यांच्या हवाली करतात. शॉ सुट्या भागांच्या शोधात हिंडतात, तर टाऊनशेंड, जे पूर्वी एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवत असत, कारखाना सांभाळतात. इथेही मुदत असते, इथेही कापड ओढले जाते, पण कधी कधी त्या मुदतीमागे मालकाची ढासळती प्रकृती उभी असते. अशा घाईला खोटी घाई म्हणणे हा माझा उतावळेपणा होता. मूळ लेखातला तो परिच्छेद मी आज दुरुस्त केला आहे.

पहिल्या आक्षेपाबाबत मात्र मी माझ्या जागी ठाम आहे, आणि का ते जरा विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते. माझी तक्रार नाट्याबद्दल नाही. मोडकळीला आलेली वस्तू पुन्हा चालती होणे यात मुळातच नाट्य आहे. तक्रार आहे ती या कामाला लागणारा वेळ लपवण्याबद्दल, कारण जुन्या गाडीच्या कामात वेळ हाच सर्वांत मोठा घटक असतो आणि हे कार्यक्रम नेमका तोच प्रेक्षकापासून दूर ठेवतात.

'व्हीलर डीलर्स'चेच उदाहरण घ्या. २००३ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम आपल्याकडेही डिस्कव्हरीमुळे घरोघरी पोहोचला. माइक ब्रूअर घासाघीस करून जुनी गाडी विकत आणत, एड चायना ती दुरुस्त करत, आणि शेवटी ती विकून नफा मोजला जाई. चायना यांचे काम पाहणे हा माझ्यासाठी निखळ आनंद होता. नारिंगी हातमोजे घातलेला तो उंच माणूस गिअरबॉक्स खाली उतरवून बाकावर ठेवी, एकेक भाग सुटा करून हातात धरी, हा कशासाठी आहे, हा का झिजला, नवा बसवताना कुठे चूक होते, हे शाळेतल्या चांगल्या शिक्षकासारखे समजावून सांगे. क्लच म्हणजे नेमके काय, हे मला पुस्तकाने सांगितले होते, पण डोळ्यांसमोर उभे केले ते चायना यांनी. या कार्यक्रमांचे खरे आकर्षण माझ्या मते इथे आहे. रोज वापरायची, तरी आतून कधीच न पाहिलेली वस्तू कोणीतरी आपल्यासमोर उलगडून ठेवतो.

आणि त्याच कार्यक्रमाच्या शेवटी हिशोब मांडला जाई. गाडीची खरेदी इतकी, सुट्या भागांचा खर्च इतका, विक्री इतकी, नफा इतका. या बेरजेत चायना यांच्या मजुरीचा एक पेनीही धरलेला नसे. ज्या माणसाच्या हातांमुळे गाडी विकण्याजोगी झाली, त्याच्या दिवसांची किंमत शून्य लावली की जवळजवळ प्रत्येक गाडी फायद्याचीच दिसणार. हा हिशोब मी लहान बाब मानत नाही. वर्षानुवर्षे तो पाहणाऱ्याच्या मनात नकळत पक्के होते की सुटे भाग महाग असतात आणि हात स्वस्त असतात. प्रत्यक्षात विलायतेत काय आणि इथे काय, जुन्या गाडीच्या कामात बहुतेक वेळा हातांचाच खर्च सर्वांत जड जातो.

मार्च २०१७ मध्ये चायना यांनी कार्यक्रम सोडला, तेव्हा त्यांनी स्वतः कारण सांगितले होते. कार्यक्रमाची सूत्रे ज्या अमेरिकी वाहिनीकडे गेली होती, तिला कारखान्यातले तपशीलवार दुरुस्तीचे प्रसंग चित्रित करायला फार अवघड वाटत होते आणि ते कमी करायचे होते. चायना यांना ते मान्य नव्हते. आपण लिहिता की प्रेक्षकांना तपशील नको असतो. मग त्यांच्या जाण्यानंतर जगभरातल्या प्रेक्षकांनी एवढी हळहळ का व्यक्त केली, याचा विचार व्हावा. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या 'द रिपेअर शॉप'मध्ये ना भांडणे असतात ना घड्याळाचा धाक, घड्याळजी, सुतार आणि चामड्याचे कारागीर शांतपणे आपापले काम करत असतात. २०१७ साली सुरू झालेला तो कार्यक्रम पुढे बीबीसीच्या मुख्य वाहिनीवर रात्रीच्या ऐन वेळेत जाऊन बसला. यूट्यूबवर दोन ब्रिटिश गृहस्थांनी मिनी या छोट्या ब्रिटिश मोटारीच्या एका जुन्या गाडीत टोयोटा सेलिकाची चारही चाके ओढणारी यंत्रणा बसवण्याचा 'प्रोजेक्ट बिंकी' २०१३ मध्ये हाती घेतला. काम वर्षानुवर्षे चालले, एकेका ब्रॅकेटवर मिनिटेच्या मिनिटे खर्च झाली, दोन भागांमध्ये प्रेक्षकांना महिनोन्महिने थांबावे लागले, आणि तरीही लाखो लोक थांबले.

वेळ लपवला म्हणजे नेमके काय लपते, हे एका गाडीवरून सांगतो. १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी ही इंग्लंडची लाडकी स्पोर्ट्स कार. तिला वेगळी चेसिस, म्हणजे बॉडीखालचा भार पेलणारा लोखंडी सांगाडा, नाही. बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो, आणि उघड्या टपाच्या एमजीबीत हा भार मुख्यतः दाराखालच्या सिलवर येतो. सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरचा पत्रा, मधला पत्रा आणि आतला पत्रा मिळून ती पोकळ पेटी होते, आणि त्या पोकळीत चिखल, पाणी साठून ती आतून सडते. बाहेरून रंगाला फक्त एक फोड आलेला दिसतो. आता ती सिल कापायची असेल तर आधी दाराच्या चौकटीत लोखंडी टेकू वेल्ड करावा लागतो, कारण टेकू न देता कापली तर गाडी मधोमध खचते. किती खचते? बोटाच्या पेरापेक्षाही कमी. पण तेवढ्याने दार लागेनासे होते, आणि त्याच अवस्थेत नवा पत्रा वेल्ड केला की ते वाकडेपण कायमचे होते. म्हणून जाणता कारागीर थोडे कापतो, दार बसवून फट पाहतो, दार काढतो, थोडे वेल्ड करतो, पुन्हा दार बसवून फट पाहतो. दिवसभरात त्याने ते दार किती वेळा काढले आणि घातले, याची मोजदाद नसते. पडद्यावर हे सगळे चार ठिणग्या आणि एका गाण्याच्या तुकड्यात उरकते. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ पासून एमजीबीची संपूर्ण नवी बॉडीच बनवायला घेतली आणि तिला गिऱ्हाईक मिळाले, यावरून सडलेली जुनी बॉडी सरळ करण्यात किती दिवस जातात याची कल्पना यावी.

अमेरिकी 'ओव्हरहॉलिन'मध्ये, जो २००४ मध्ये सुरू झाला, मालकाला गंडवून त्याची गाडी पळवली जाई आणि आठवड्याभरात ती ओळखू येणार नाही अशी करून परत दिली जाई. चिप फूस कागदावर हाताने त्या गाडीचे नवे रूप रेखाटत, ते दृश्य आजही मन लावून पाहावे असे आहे. पण पाळ्यापाळ्यांनी राबणारा कारागिरांचा तो ताफा, रात्रीची जागरणे आणि पुरवठादारांची तत्परता कुठल्या सामान्य गाडीमालकाच्या वाट्याला येते? प्रेक्षकाच्या लक्षात राहतो तो आकडा, सात दिवस. खटारा गाड्या नटवून देणाऱ्या 'पिंप माय राइड' या अमेरिकी कार्यक्रमाबद्दल फार लिहीत नाही. त्यातल्या गाड्यांना बसवलेल्या काही वस्तू चित्रीकरणानंतर काढून घेतल्याचे सहभागी झालेल्यांनीच पुढे सांगितले, आणि ज्या गाडीचे सायलेन्सर सडलेले आहे तिच्या डिकीत पडदे लावण्याला पुनरुज्जीवन म्हणता येत नाही.

एकाच कार्यक्रमात गोडी आणि वैताग शेजारी शेजारी कसे नांदतात, हे पाहायचे तर 'ग्रेव्हयार्ड कार्झ' पाहावा. ओरेगनमधले मार्क वॉर्मन आणि त्यांचे सहकारी १९७० च्या आसपासच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या कारखान्यातून निघाल्या तशाच करतात, म्हणजे मूळ रंगाऱ्याचा फवारा जिथे विरळ पडला होता तिथे तो विरळच ठेवतात आणि तपासनिसांच्या खडूच्या खुणाही पुन्हा काढतात. बॉनेटखाली एका छोट्या पत्र्याच्या पट्टीवर गाडीचा रंग, इंजिन, गिअर यांचे संकेत ठोकलेले असतात. गाडीत काय काय बसवायचे ते सांगणारा कारखान्यातला आदेशाचा कागद कधी कधी सीटच्या स्प्रिंगांत अडकून ५० वर्षे तसाच राहिलेला असतो. तो जीर्ण कागद चिमटीत धरून हलकेच सोडवण्याचे दृश्य मला पुराणवस्तू संशोधकाच्या कामाइतके हृद्य वाटते. आणि त्याच भागात पुढची दहा मिनिटे त्याच कारागिरांना एकमेकांची टर उडवायला लावलेली असते. तो कागद वाचून काय काय कळले, हे त्या दहा मिनिटांत सांगता आले असते. आपल्याला ही दहा मिनिटे आवश्यक वाटतात, मला ती चोरलेली वाटतात.

आता आपला तिसरा आक्षेप. टीव्ही पाहून कोणी कारागिराला छळत नाही, असे आपण म्हणता. मी छळले आहे.

आमच्याकडे वडिलांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. बहिणीचे लग्न ठरले तेव्हा ती तीच गाडी घेऊन निघावी, अशी वडिलांची फार इच्छा होती, आणि हाताशी जेमतेम तीन आठवडे होते. पत्र्याचे काम करणाऱ्या आमच्या नेहमीच्या डेंटरकाकांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकावरच्या कमानीला बोटाने टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "दोन महिने धरून चाला. पत्रा उघडल्याशिवाय खरं काय ते सांगता येणार नाही." मी त्यांना ऐकवले की टीव्हीवर आख्खी गाडी आठवड्यात होते. ते चिडले नाहीत. एवढेच म्हणाले, "टीव्हीवाले मजुरीचं बिल दाखवतात का हो?" मला तेव्हा ते काम टाळण्याचे निमित्त वाटले. मी गाडी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये नेली, जिथे बारा दिवसांचा शब्द मिळाला आणि तो पाळलाही गेला. लग्नात गाडी झळकली.

पहिल्याच पावसाळ्यानंतर त्या कमानीवर रंगाला फुगवटा आला. मी मान खाली घालून डेंटरकाकांकडे गेलो. त्यांनी पेचकसाचे टोक फुगवट्यावर ठेवून अंगठ्याने हलकेच दाबले, तर टोक सरळ आत गेले आणि पुट्टीचा ओलसर ढेपळा त्यांच्या तळहातावर आला. त्यामागे पत्रा नव्हताच. भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून त्यावर पुट्टी थापली होती, वॉटर पेपरने घासून गुळगुळीत केली होती आणि वर रंगाचे हात मारले होते. पुट्टी ओल धरून ठेवते, त्यामुळे आजूबाजूचा जो चांगला पत्रा उरला होता तोही त्या काही महिन्यांत खाल्ला गेला होता. काकांनी तो बोळा उलगडला, त्यावरची तारीख वाचली आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. दुसऱ्या गॅरेजला मी दोष देतोच, पण बारा दिवसांत यापेक्षा वेगळे काही होणे शक्य नव्हते, आणि ते बारा दिवस मागणारा मी होतो. त्या कमानीचे आणि खालच्या फ्लोअरचे काम पुढे काकांनीच केले, त्याला अकरा आठवडे लागले. माझ्यासारखी गिऱ्हाइके महिन्यातून एक-दोन तरी येतात, असे त्यांनी मला नंतर सांगितले. हा पुरावा सर्वेक्षणाचा नाही, एका माणसाच्या अनुभवाचा आहे, तरीही ते विधान मी मागे घेणार नाही.

आपण शेवटी विचारले आहे की इतका राग येतो तर मी हे कार्यक्रम पाहतोच कशाला. राग येतो तो जीव जडल्यामुळेच. वर्षानुवर्षे बंद पडलेले इंजिन पहिल्यांदा खोकते, धूर सोडते आणि मग एका लयीत लागते, त्या क्षणी मी आजही खुर्चीतून पुढे सरकतो. त्या क्षणामागचे दिवस मला दाखवा, एवढीच माझी मागणी आहे.

जाता जाता आपण लिहिले आहे की हेच कार्यक्रम पाहून आपण आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड दुरुस्त करायला घेतली आहे. हे वाचून मला फार आनंद झाला. मद्रासला बनलेल्या या गाड्या आता रस्त्यावर क्वचितच दिसतात. हेराल्डला वेगळी चेसिस आहे, म्हणजे बोल्ट सोडले की बॉडी उचलता येते, आणि तो मोह प्रत्येकाला होतो. कृपया ती उचलण्याआधी चेसिसच्या दोन्ही बाजूंना आलेले आडवे हात नीट तपासा, ते आतून सडतात, आणि बॉडी जागेवर असताना ते दुरुस्त केले तरच दारांच्या फटी नंतर जुळतात. फटींची मापे आत्ताच वहीत लिहून ठेवा. आणि त्याच वहीत, किती रविवार गेले, तेही लिहीत राहा. काम पूर्ण झाले की ती पाने मला पाठवा, आपली परवानगी असेल तर ती मी जशीच्या तशी इथे प्रसिद्ध करीन.