दाखवायचा पत्ता, न्यायचा पत्ता

हत्तीला जे खपतं ते जाहिरातीला खपत नाही, हे मला माझ्या ऑनलाइन सुलेखनवर्गाची गूगलवर जाहिरात देताना कळलं. शोधणाऱ्याला दिसतो तो डिस्प्ले यूआरएल, म्हणजे दाखवायचा पत्ता; क्लिक केल्यावर तो पोचतो तो फायनल यूआरएल, म्हणजे न्यायचा पत्ता. दोन्हींचं डोमेन, म्हणजे साइटचं मूळ नाव, एकच हवं. दात दाखवायचे एक आणि खायचे दुसरे, असं दिसलं की जाहिरात नामंजूर.

माझ्या मनात तसलं काही नव्हतं हो! साइटचं डोमेन बदललं होतं, एवढंच. जुन्यावरून नव्यावर रिडायरेक्ट लावला होता, घर बदलताना जुन्या दारावर चिठ्ठी डकवतात तसा. आणि सवयीने भरला जुनाच पत्ता. निकाल आला: 'डेस्टिनेशन मिसमॅच'. पत्रिका जुळत नाही म्हणून स्थळ परत करावं, तितक्याच कोरडेपणाने.

भाचा याच धंद्यातला. "मामा, लिंक दुसऱ्या डोमेनवर उडी मारतेय. सरळ नवा पत्ता टाक ना!"

टाकला. पुन्हा नामंजूर! आता म्हणे पान उघडतच नाही. माझ्या ब्राउझरमध्ये तर छान उघडत होतं. मग उलगडा झाला: तपासायला येणारा रोबोट अनोळखी दिसला म्हणून माझ्याच साइटवरच्या सिक्युरिटी प्लगइनने त्याला 403, म्हणजे 'प्रवेश बंद', दाखवून पिटाळलं होतं. परीक्षक दारात आणि आपलाच कुत्रा अंगावर.

तेही निस्तरलं. मग भाच्याने खरी गंमत सांगितली. दाखवायच्या पत्त्यात डोमेनच्या पुढे स्लॅश देऊन दोन कप्पे मिळतात, प्रत्येकी 15 अक्षरांचे. त्यात लिहिलेलं पान साइटवर असायलाच हवं असं नाही!

"म्हणजे स्लॅशच्या अलीकडे शपथेवर आणि पलीकडे थापा?"

"थापा नाही रे. आतल्या मजकुराशी मेळ हवा, बस."

पहिला तास मी खरंच फुकट शिकवतो, त्यामुळे मेळ होता. पण 'मोफत-पहिला-तास' रोमनमध्ये लिहिलं तर अक्षरं भरतात 16. आडव्या रेघासुद्धा मोजतात मेले. अर्धा तास झटापट करून 'पहिला'मधला आय काढला. झालं 'पहला'. सुलेखन शिकवणाऱ्या माणसाने! पण जाहिरात मंजूर झाली.

संध्याकाळी ताईचा फोन. "अरे, तुझा वर्ग बंद पडला का? नुसतं '404, पान सापडत नाही' येतंय."

"कुठे क्लिक केलंस?"

"क्लिक कशाला करू? क्लिकगणिक तुझे पैसे जातात, तूच म्हणालास ना! मी तो हिरवा-काळा काय पत्ता दिसतो, तो बघून हाताने टाइप केला. एकेक अक्षर. घरातल्या सगळ्यांना तसंच करायला सांगितलंय."

रात्री बसून ते पान खरोखर तयार केलं. 'पहला'सकट.